मॅडम, ही रेष धरायची का?

परवा दुपारी पावणेतीनला व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. एचआयव्ही तपासणीचं पांढरं प्लास्टिकचं कार्ड, खाली स्टीलच्या टेबलाचा चकाकता पत्रा, 'सी'पाशी, म्हणजे कंट्रोलपाशी, ठसठशीत लाल रेष आणि 'टी'पाशी, म्हणजे टेस्टपाशी, काहीतरी. डोळे बारीक केले की आहे, मोठे केले की नाही. फोटोखाली एक ओळ: "मॅडम, ही रेष धरायची का?"

मी विचारलं, "रक्त टाकून किती मिनिटं झाली?"

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग उत्तर आलं. "जेवून आलो तोवर."

पोरगा खोटं बोलला नाही, त्याबद्दल त्याला मनातल्या मनात शंभर गुण दिले. ते कार्ड फेकायला सांगितलं, नवीन पाकीट फाडून परत करायला सांगितलं आणि वीस मिनिटं खुर्चीवरून हलायचं नाही म्हणून बजावलं. अर्ध्या तासाने नवा फोटो आला. एकच रेष, 'सी'ची. म्हणजे निगेटिव्ह. तीन वाजून वीस मिनिटांनी पेशंट घरी गेला.

असे फोटो मला आठवड्याला दोन-तीन तरी येतात. मी कुठली मोठी शास्त्रज्ञ नव्हे. 2007 ते 2011 मी आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यात आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्रात, कंत्राटी लॅब टेक्निशियन होते. मग आठ वर्षं घाट उतरून गोव्यात, अशी कार्डं तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. आता परत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात, बाजारात एक खोलीची लॅब. ही कार्डं आधी वापरली, मग बनवली आणि आता परत वापरते. त्यामुळे दोन्हीकडचे लोक मला आपलं समजतात आणि दोन्हीकडचे लोक माझ्यावर वैतागतात.

जेवून येईपर्यंत ती रेष कुठून आली, ते आधी सांगते. कार्डाच्या आत जी स्ट्रिप असते तो शेवटी एक प्रकारचा कागदच. रक्त आणि बफर, म्हणजे किटसोबतचं द्रावण, त्यातून दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं पुढं सरकतं. ठरल्या वेळेनंतर स्ट्रिप वाळायला लागते. वाळताना पाणी उडून जातं, रंगाचे कण मागं उरतात आणि जिथं आधीच प्रथिनांची आखलेली जागा आहे तिथं ते साचल्यासारखे दिसतात. आमच्यात तिला भुताची रेष म्हणायचे. वीस मिनिटांना नव्हती, पन्नास मिनिटांना आली, तर ती रोगाची नव्हे, उशिराची रेष.

आमच्या खानापुरात कागद भिजायला पाणी लागत नाही, ही तर जुनीच गोष्ट. जूनमध्ये मीठ पाझरतं, काडेपेटी ओढली तर पेटत नाही, आईनं उन्हाळ्यात घातलेले पापड डबा उघडल्यावर तासाभरात वातड. कार्डाचं पाकीट म्हणजे पापडाच्या डब्याचं मोठं भावंड. ॲल्युमिनियमचं पाकीट, आत सिलिका जेलची पुडी आणि वर छापलेलं असतं की वापरण्याच्या क्षणापर्यंत उघडू नये. मी हे वाचलं होतं. वाचून विसरले होते.

2008 चा जुलै. गरोदर बायकांच्या तपासणीचा वार. बाहेर बाकांवर तीस-पस्तीस बायका, छत्र्यांचं पाणी व्हरांड्यात वाहतंय, लाईट ये-जा करतेय. मला वाटलं, आपण जरा हुशारी करू. सकाळी नऊलाच बारा पाकिटं फाडली, कार्डांवर नंबर टाकले आणि खिडकीशेजारच्या टेबलावर ओळीनं मांडून ठेवली. मामा, म्हणजे आमचा अटेंडर, बघून म्हणाला पण, "बाई, पत्त्याचा डाव मांडल्यागत मांडलासा की." मला ते कौतुक वाटलं.

अकरा-साडेअकराला उरलेली कार्डं वापरली तेव्हा रक्त पुढं सरकेनाच. सरकलं तर सगळ्या पट्टीवर गुलाबी धूर पसरायचा. त्या धुरात दोन कार्डांवर 'टी'पाशी कसलीशी सावली. आपल्याकडचा नियम असा की लक्षणं नसलेल्या माणसाच्या पहिल्या तपासणीत रेष आली तर त्याच रक्तावर वेगळ्या तत्त्वाच्या, वेगळ्या अँटिजेनच्या (म्हणजे विषाणूच्या वेगळ्या प्रथिनांच्या) आणखी दोन किटनी तपासायचं आणि तिन्हींत आली तरच पॉझिटिव्ह लिहायचं. त्या आठवड्यात दुसऱ्या जातीचं किट संपलेलं. नवा साठा यायचा होता. मग दोघींना सांगितलं, चार दिवसांनी परत या.

त्यातली एक गवळीवाड्यावरची होती. एसटीच्या थांब्यापर्यंत जंगलातून चालत येणारी. तिनं मला विचारलं, "मला काय झालंय ते तरी सांगा की."

"काही नाही, परत एकदा बघायचंय."

"काय नाही, तर परत कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिची सासू दारात उभी होती आणि तिनं हे सगळं ऐकलं. चार दिवसांनी दोघी आल्या, नव्या पाकिटांवर दोघींचं रक्त स्वच्छ निघालं. मी हसत हसत सांगितलं. गवळीवाड्यावरची हसली नाही. पुढच्या महिन्याच्या तपासणीला ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. रजिस्टरात तिच्या नावापुढं बाळंतपणाचा रकाना कोराच राहिला. समुपदेशक अक्का, बैलहोंगलकडची, माझ्यापेक्षा वयानं मोठी, एकदा फक्त एवढंच म्हणाली, "एचआयव्ही इल्ल अंत हेळिदिवी, भय होगलिल्ल री." एचआयव्ही नाही म्हणून सांगितलं आपण, भीती गेली नाही.

ती जुलैतली चूक माझी होती, किटची नव्हे. खरं मी जेव्हा किट बनवायला गेले तेव्हा मला असं शिकवलं गेलं की वापरणारा चुकणारच, हे धरूनच किट बनवायचं असतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि ती माझ्या डोक्यात अजून भांडतात.

किट आधी काय होतं, ते नव्या पोरांना ठाऊक नसतं. भारतात पहिल्यांदा एचआयव्ही सापडला तो 1986 साली चेन्नईत. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या हाताखाली शिकणारी सेल्लप्पन निर्मला हिनं नमुने गोळा केले, खरं ते तपासायची सोय तिथं नव्हती. ते नमुने रात्रीच्या रेल्वेनं वेल्लोरला न्यावे लागले. रक्त जिथं काढलं तिथं उत्तर नाही, उत्तर एका रात्रीच्या प्रवासावर. पुढं एलायझा, म्हणजे लॅबमध्ये करायची अँटिबॉडीची तपासणी, सगळीकडे आली तरी तिची प्लेट शहाण्णव खड्ड्यांची. दिवसाला चार नमुने येणाऱ्या ठिकाणी प्लेट भरेपर्यंत थांबायचं, मग रिपोर्ट. अथणीहून, रायबागहून आलेला माणूस रिपोर्टसाठी परत येण्याची खात्री नाही. दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडवून, बसभाडं घालून वाईट बातमी ऐकायला कोण येणार? म्हणून ही जागच्या जागी होणारी तपासणी. वीस मिनिटांत, माणूस समोर बसलेला असताना. उत्तर कर्नाटकातले आमचे जिल्हे त्या काळी जास्त लागणीत मोजले जायचे. पुणे-बेंगळुरू हायवे, त्यावरचे ट्रक, सौंदत्तीच्या देवीच्या नावानं सोडलेल्या मुलींची परवड, सगळं इथलंच. देवदासी सोडण्यावर कर्नाटकानं 1982 मध्येच कायद्यानं बंदी घातली होती, खरं कायदा आणि देवीचा डोंगर यांच्यात अंतर असतं.

गोव्यातल्या कंपनीत पहिल्या महिन्यात मी सोनं उकळायला शिकले. ऐकायला सोनारकाम वाटतं. सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवायचा, फिकट पिवळं पाणी होतं. ते उकळी फुटेपर्यंत तापवायचं आणि सोडियम सायट्रेट एकदम ओतायचं. काही क्षण पाण्याचा रंगच जातो. मग काळसर-जांभळी छटा येते आणि बघता बघता पाणी आमसुलाच्या सरबतासारखं लालभडक होतं. त्या लालात सोन्याचे कण असतात, एक मिलिमीटरच्या पंचवीस हजाराव्या भागाएवढे. कार्डावरची लाल रेष म्हणजे हेच सोनं. काचेचं भांडं नीट धुतलेलं नसेल, कुठं मिठाचा अंश राहिला असेल तर कण एकमेकांना चिकटतात आणि सरबत निळं-करडं पडतं. सगळी बॅच मोरीत. पहिल्या महिन्यात मी तीन बॅचेस मोरीत ओतल्या. भांडी अम्लराजानं धुवायची असतात हे मला सांगितलेलं होतं, मी साबणावर भागवलं होतं.

मग त्या सोन्यावर एचआयव्हीची कृत्रिम बनवलेली प्रथिनं चिकटवायची. पुरेशी चिकटली का ते पाहायला चिमूटभर द्रावण घेऊन त्यात मुद्दाम मिठाचं पाणी घालायचं. लाल राहिलं तर प्रथिनांनी कणांना पांघरूण घातलंय. निळं झालं तर उघडे आहेत. या परीक्षेवर माझा फार जीव. एवढी महाग यंत्रं असलेल्या खोलीत शेवटचा कौल मीठ देतं.

हे सोनं एका पॅडवर वाळवतात. त्याच्या पुढं पांढरी नायट्रोसेल्युलोजची पट्टी, तिच्यावर यंत्रानं न दिसणाऱ्या दोन रेघा मारलेल्या. रक्तात एचआयव्हीविरुद्धच्या अँटिबॉडी असतील तर त्या जाताना सोन्याला धरतात आणि पहिल्या रेघेवरच्या प्रथिनात अडकतात. सोनं तिथं साठलं की 'टी' दिसते. पुढं जाऊन उरलेलं सोनं दुसऱ्या रेघेला अडकलं की 'सी'. हे सगळं जोडायची खोली कोरडी, आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली. त्या खोलीतून बाहेर पडून शनिवारी चोर्ला घाट चढून कणकुंबीला आलं की काचेवर पाणी. आमच्या जिल्ह्याचीच गंमत बघा. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीचा जुलै आणि अथणीचा एप्रिल, दोन्ही एकाच बेळगाव जिल्ह्यात. जे कार्ड या दोन्ही ठिकाणी खरं बोलेल ते कुठंही खरं बोलेल, असं मी मीटिंगमध्ये म्हणायचे. कंपनीचे सर हसायचे आणि टिकाऊपणा बघायला ओव्हनमध्ये पंचेचाळीस अंशांना ठेवलेल्या पाकिटांचा तक्ता पुढं सरकवायचे. ओव्हनमध्ये कोरडी उष्णता असते सर, मी म्हणायचे. पिकअपच्या हौद्यात ताडपत्रीखाली दोन दिवस पडलेलं खोकं ओव्हनमध्ये ठेवता येत नाही.

आता ज्या गोष्टीनं माझी झोप उडाली ती. कंपनीत दुसऱ्या आठवड्यात सरांनी मला एक कार्ड दिलं आणि म्हणाले, रक्त टाकू नका, नुसता बफर टाका. टाकला. पंधरा मिनिटांनी 'सी'ची रेष लख्ख उमटली. 'टी' कोरी. म्हणजे कार्ड सांगतंय: तपासणी बरोबर झाली, निगेटिव्ह.

मी खुर्चीत बसले. चार वर्षं मी पोरांना, नर्सना, स्वतःला सांगत आले होते की 'सी' आली म्हणजे तपासणी ठीक. बऱ्याच कार्डांत 'सी'ची रेष फक्त एवढंच सांगते की पाणी इथपर्यंत पोचलं आणि सोनं अजून जिवंत आहे. रक्त पडलं की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. गर्दीच्या दिवशी, लाईट गेलेली, एका कार्डावर रक्त टाकायचं राहून गेलं असेल, तर? असं कधी झालं नसेलच, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. त्या चार वर्षांतली रजिस्टरं तिथंच आहेत आणि त्यांत हजारो ओळींपुढं माझ्या सहीनं 'नेगेटिव्ह' लिहिलंय.

पुढची तीन वर्षं मी सरांच्या मागं लागले होते की आपल्या कार्डाची 'सी' माणसाच्या रक्तातली अँटिबॉडी पोचली तरच उमटेल अशी करू. ते होतं करता येण्यासारखं. त्याला सोन्याची आणखी एक जात लागते आणि दोन्ही जाती एका पॅडवर नांदवायच्या तर रेषांची धार मंदावते. दोनदा झाली, दोनदा 'टी' फिकी पडली. शेवटी टेंडरमध्ये एका कार्डामागं काही पैशांचा फरक पडला आणि फाईल मागं गेली. सरांचा राग मला आला नाही. त्यांनाही पगार द्यायचे होते. अजून मात्र ट्रेनिंगला गेले की पहिलं काम तेच, सगळ्यांना एकेक कार्ड देते आणि नुसता बफर टाकायला लावते. 'सी' उमटली की खोली गप्प होते. त्यानंतर कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

बोट टोचणं ही दुसरी गोष्ट. कंपनीत नमुना म्हणजे ट्यूबमधलं स्वच्छ सीरम, पिपेटनं मोजून दहा मायक्रोलिटर. आमच्याकडे नमुना म्हणजे हात. निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायकांच्या बोटांची टोकं चामड्यासारखी. काजूच्या कारखान्यात टरफल फोडणाऱ्यांची बोटं त्या तेलानं काळी पडलेली, साल निघालेली, कुठं टोचावं ते कळत नाही. नाचणी लावणाऱ्या हातांना लॅन्सेट बोथट वाटतं. टोचल्यावर थेंब येत नाही म्हणून नवखा टेक्निशियन बोट पिळतो आणि पिळून आलेल्या थेंबात रक्ताबरोबर अंगातलं पाणीही मिसळतं. अक्कानं मला युक्ती शिकवली. आधी बाईला गरम चहाचा कप दोन्ही हातांत धरायला द्यायचा. चहा पिऊन होतो, हात गरम होतात, तोवर समुपदेशनही होतं. मग मधल्या किंवा करंगळीशेजारच्या बोटाच्या कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसायचा, दुसरा आपणहून येऊ द्यायचा.

मी कंपनीत हट्टानं ड्रॉपरची चाचणी करायला लावली. दहा जणांना, त्यात दोन नर्स, एक शिपाई आणि अकाउंट्समधली एक मुलगी, तोच ड्रॉपर दिला आणि एक थेंब वजनकाट्यावर पाडायला सांगितला. ड्रॉपर उभा धरला की थेंब एक, तिरका धरला की दुसराच. जास्त रक्त पडलं की सगळी पट्टी लाल, कमी पडलं की फिकी रेष आणखी फिकी. आमचे शास्त्रज्ञ त्या दिवशी थोडे हिरमुसले. त्यांनी प्रथिनाच्या शुद्धतेवर वर्ष घालवलं होतं आणि निकाल ठरत होता मनगटाच्या कोनावर.

एक हिशेब मी नेहमी फळ्यावर मांडते, कारण तो समजला नाही तर पहिल्या रेषेवरच माणसाचा संसार मोडतो. देशात मोठ्या माणसांत लागण साधारण 0.2 टक्के. हजार माणसं घ्या, त्यांत दोघांना खरी लागण. कार्ड फार चांगलं आहे, निरोगी माणसांत दोनशेतून एकदाच चुकतं, असं धरू. उरलेल्या 998 जणांत पाच जणांना खोटी रेष येईल. म्हणजे रेषा सात, खऱ्या दोन. सातातल्या पाच जणांना तुम्ही उगाच रडवणार. म्हणून दुसरी जात, म्हणून तिसरी जात. आणि म्हणून पहिल्या रेषेला आम्ही पॉझिटिव्ह म्हणत नाही, रिॲक्टिव्ह म्हणतो आणि तेही आपसात, पेशंटसमोर नाही. हे फळ्यावर पटतं. गवळीवाड्यावरच्या बाईला चार दिवस थांबा म्हणताना पटवून देता येत नाही.

उलट बाजूचीही फसगत आहे. अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे जातात, त्या काळात कार्ड गप्प. आणि बाधित आईच्या बाळाच्या रक्तात आईच्याच अँटिबॉडी फिरत असतात, दीड वर्षापर्यंत, तेव्हा कार्डावर रेष आली तरी तिला अर्थ नाही. बाळाच्या टाचेचे थेंब कागदावर वाळवून पीसीआरला, म्हणजे विषाणूचा अंशच शोधणाऱ्या तपासणीला, पाठवावे लागतात. तिथं परत प्रवास, परत वाट बघणं.

नव्या आजारांचं विचाराल तर मला माकडताप आठवतो. 1957 साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मेली आणि माणसं तापानं पडली तेव्हा हा ओळखला गेला. गोचिडीनं पसरतो. कन्नडमध्ये मंगन कायिले. 2016 मध्ये गोव्याच्या सत्तरी भागात काजूच्या बागांत मजुरीला गेलेल्या आमच्या जिल्ह्यातल्या माणसांना तो झाला, त्याच सुमारास तिकडं दोडामार्गातही पसरला. काजूचा हंगाम आणि या तापाचा हंगाम एकच, थंडी संपता संपता ते पाऊस येईपर्यंत. आमच्या इथून जांबोटी-कणकुंबीमार्गे दर वर्षी टेम्पो भरून माणसं जातात. मी त्याच रस्त्यानं कामाला जायचे.

तेव्हा मी सरांकडे गेले. म्हटलं, याचं कार्ड करू. सरांनी कागदावर गणित केलं. पट्टीचा रोल शंभर मीटरचा, एक स्ट्रिप चार मिलिमीटर. एका रोलमध्ये पंचवीस हजार स्ट्रिपा. "वर्षाला किती खपतील?" मी म्हटलं, फार तर दोन-तीन हजार. "आणि टिकतं किती? दोन वर्षं." म्हणजे एका रोलमधले वीस हजार तुकडे कचऱ्यात. शिवाय तपासून बघायला खात्रीचे बाधित नमुने कुठून आणणार? हा विषाणू आमच्यासारख्या साध्या लॅबमध्ये हाताळायचा नसतो. आणि तापाच्या पहिल्या दिवसांत अँटिबॉडी नसतेच, तेव्हा रक्तात विषाणूच शोधावा लागतो आणि ते कागदाच्या पट्टीला झेपेल का, हा वेगळा प्रश्न. सरांचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी तोंड पाडून बाहेर आले. एचआयव्हीचं कार्ड बनतं कारण सरकार लाखांनी विकत घेतं. टेम्पोच्या मागं बसलेल्या चाळीस मजुरांसाठी टेंडर निघत नाही.

नंतर गोव्यातल्याच मोलबायो कंपनीनं पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेबरोबर आपल्या ट्रूनॅट यंत्रावर या तापाची चिप केली. ते रेषेचं कार्ड नव्हे, बॅटरीवर चालणारं छोटं पीसीआर यंत्र, विषाणूचा अंशच शोधणारं. बातमी वाचून मला आनंद झाला आणि थोडी चरफडही, दोन्ही सांगून टाकते.

कोविडनं मग सगळ्या देशाला कार्ड वाचायला शिकवलं. मे 2021 मध्ये पुण्याच्या मायलॅबचं घरी करायचं किट मंजूर झालं आणि माझ्या भाच्यानं मला फोनवर 'सी' आणि 'टी' समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं. त्याच वर्षी राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येकाकडे आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट मागत होते. कोल्हापुरातला माझा भाऊ नाक्यावरून दोनदा परत गेला, आई इकडं आजारी. त्याच्या खिशात रॅपिडचा निगेटिव्ह कागद होता. रॅपिडचं निगेटिव्ह धरत नाहीत हे त्याला मीच फोनवर सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं, आणि त्यानं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

शेवटी परत त्या फोटोकडे येते. पोराला रागावून काय उपयोग? किटच्या खोक्यात जे माहितीपत्रक असतं ते घडी घातलेलं, इंग्रजी, आणि अक्षरं तांदळाच्या कणीएवढी. मी चार वर्षांपूर्वी त्याचं एक पान करायला घेतलं. आधी मराठीत केलं. एका ठिकाणी सांगितलं गेलं, इथं कन्नडमध्ये लागतं. कन्नडमध्ये करून घेतलं तर खेड्यातली आमचीच नर्स म्हणाली, "मला नीट वाचता येत नाही, मॅडम." आमच्या भागात माहितीपत्रकाची भाषा म्हणजे दुकानाच्या पाटीसारखीच, कुणाला तरी लागतेच. म्हणून सगळे शब्द काढून टाकले. नुसती चित्रं. फाडलेलं पाकीट आणि त्याला चिकटून लगेच कार्ड. उभा ड्रॉपर, तिरक्या ड्रॉपरवर फुली. बोट पिळणाऱ्या हातावर फुली. शेवटी घड्याळ, वीस मिनिटांचा तुकडा हिरवा, तीसच्या पुढचा सगळा लाल. ड्रॉपरला कुठलंच राज्य नसतं, त्यामुळे यावर अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

काल मी मुद्दाम त्या पोराच्या लॅबमध्ये गेले. पान भिंतीवर होतं, सेलोटेपनं चिकटवलेलं, ओल येऊन एक कोपरा सुटलेला. घड्याळाच्या लाल भागाशेजारी कुणीतरी बॉलपेननं कन्नडमध्ये लिहिलं होतं, 'ऊटक्क होगबॅड री', जेवायला जाऊ नका. त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात, मराठीत: 'चहाला पण नको.'